तारांचा माग

रेडिएटरमधलं पाणी संपलं होतं आणि गाडीत बादली नव्हती. आयोवाच्या चिखलात अडकलेल्या चौघींपैकी दोघी नणंदांनी सामानातून टूथब्रश ठेवायची काचेची भांडी काढली. रस्त्याकडेच्या चरातून ती इवलीशी भांडी भरून आणायची आणि ओतायची, असं करत करत रेडिएटर भरला. मग गाडी पुढे निघाली.

साल १९०९. गाडी मॅक्सवेल डीए, चार सिलिंडरची, ३० अश्वशक्तीची. चालवणारी अ‍ॅलिस रॅमसे, वय २२, न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकची. दोघी नणंदा आणि अजून विशीही न गाठलेली एक मैत्रीण सोबत होत्या, पण चालवता येत होतं एकट्या अ‍ॅलिसला. लहान मुलाला घरी ठेवून ती ९ जूनला भर पावसात न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाली. अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीने पार करणारी ती पहिली स्त्री. बाईमाणसालाही आपली गाडी एवढ्या लांब नेता येते, हे मॅक्सवेल कंपनीला लोकांना दाखवायचं होतं. पण वाटेत गाडी बिघडली की कामाला आले ते अ‍ॅलिसचे हात.

कारण त्या काळी चालवणं म्हणजे नुसतं चाक धरणं नव्हतं. गाडी सुरू करायची तर पुढे उभं राहून हँडल मारायचं. आपल्याकडे जुन्या जीप-ट्रकना हँडल मारलेल्यांना माहीत असेल, अंगठा दांड्याभोवती वळवायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडतं. पेट्रोलचा काटा नव्हता. टाकी पुढच्या सीटखाली, म्हणून सगळ्यांनी उतरायचं, सीट काढायची आणि लाकडी पट्टी आत बुडवून किती उरलं ते पाहायचं. दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळणारे. टायर गुळगुळीत, त्यामुळे चिखल लागला की त्यांना साखळ्या बांधायच्या. या प्रवासात अ‍ॅलिसने अकरा टायर बदलले, प्लग साफ केले, तुटलेलं ब्रेकचं पेडलही दुरुस्त केलं.

सगळ्यात कठीण होतं ते वाट सापडणं. सुमारे ६,१०० किलोमीटरच्या वाटेत पक्का रस्ता जेमतेम २४५ किलोमीटरचा. मिसिसिपी नदीपर्यंत ‘ब्लू बुक’ नावाची मार्गदर्शिका होती, पण तिच्यातल्या खुणा म्हणजे घरं, गोठे, झाडं. एके ठिकाणी पिवळं घर आलं की वळा, असं लिहिलेलं. पिवळं घर काही येईना. मोटारींचा राग असलेल्या मालकाने ते हिरवं रंगवून टाकलं होतं! नदीपलीकडे तर पुस्तकच नव्हतं. तिथे त्या टेलिफोनच्या खांबांचा माग काढू लागल्या. दोन वाटा फुटल्या की वर पाहायचं. ज्या खांबांवर तारा जास्त, त्या वाटेला गाव मोठं. मला या सगळ्या प्रवासातली ही युक्ती फार आवडते.

आयोवाचे ३६० मैल ओलांडायला तेरा दिवस गेले. एका ओढ्याला पूर आला, तेव्हा पाणी ओसरेपर्यंत चौघी गाडीतच झोपल्या. वायोमिंगमध्ये नदीवर गाडीसाठी पूल नव्हता, म्हणून परवानगी काढून रेल्वेच्या पुलावरून, स्लीपरांवर आदळत गाडी पलीकडे नेली. हे नुसतं वाचतानाही पाठ अवघडते.

७ ऑगस्टला, ५९ दिवसांनी, त्या सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्या. परतीचा प्रवास मात्र रेल्वेने झाला.

अ‍ॅलिसने हे सारं लिहून छापलं ते १९६१ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी. तोवर गाडीत सेल्फ-स्टार्टर आले होते, हँडल इतिहासजमा झालं होतं. तिचं चालवणं मात्र थांबलं नव्हतं. देश तिने पुढे तीसहून अधिक वेळा गाडीने पार केला. उतारवयात स्वित्झर्लंडला जाऊन आल्प्समधल्या सहा घाटांपैकी पाच तिने स्वतः गाडी चालवत ओलांडले. सहावा राहिला. हृदयाला पेसमेकर बसवलेला होता, डॉक्टरांनी जाऊ दिलं नाही.