आधी चामडे, मग हत्यारे

चामड्याच्या कामाचा छंद लागलेल्या माणसाची पहिली खरेदी बहुधा हत्यारांच्या संचाची असते. तीस-चाळीस नग, चकचकीत पेटी, नक्षीचे ठसे, भोके पाडायचे पंच, कडा तासायची तीन आकारांची हत्यारे आणि सोबत, जणू वरकड म्हणून, चामड्याचा एक लहानसा तुकडा. पेटी घरी येते, तुकड्यावर दोन ठसे मारून होतात, पाकीट शिवायला घेतले की ते वेडेवाकडे होते आणि पेटी माळ्यावर जाते. दोष हाताला दिला जातो. खरे म्हणजे चूक खरेदीच्या क्रमात असते. या कामात निकालाचा मोठा वाटा हत्याराने नव्हे, तर चामड्याने आधीच ठरवून टाकलेला असतो. म्हणून पहिला पैसा आणि पहिला वेळ चामडे ओळखण्यावर खर्चावा, दुसरा दोऱ्यावर, आणि हत्यारे लागतील तशी एकेक करून घ्यावीत. उलट क्रमाने जाणाऱ्याचे पैसेही जातात आणि उमेदही.

चामड्याला इतके महत्त्व का, हे कळायला कातडी कमावणे म्हणजे काय ते समजून घ्यावे लागते. तबल्याच्या पुडीला लागते ती न कमावलेली कातडी. ती वाळली की ताठ होते, ओली झाली की सैल पडते. तिच्यातील तंतू कायमचे स्थिर केले की ती कुजत नाही, लवचीक राहते आणि तिचे चामडे होते. हे स्थिरीकरण मुख्यतः दोन मार्गांनी होते. जुना मार्ग झाडपाल्याचा. बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांतील तुरट द्रव्य कातडीत मुरवायचे. कोल्हापुरी चपलेच्या चामड्याची परंपरागत रीत हीच आहे. कातडी पिशवीसारखी शिवून टांगायची, आत साल-हिरड्याचे पाणी भरायचे आणि ते झिरपू द्यायचे. या कामाला काही आठवडे लागतात. दुसरा मार्ग क्रोमचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो युरोप-अमेरिकेत पुढे आला आणि आज जगातले बहुतांश चामडे त्याच मार्गाने तयार होते, कारण क्रोमियमच्या क्षारांनी तेच काम एक-दोन दिवसांत उरकते.

या दोन चामड्यांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की एकाची बरीचशी हत्यारे दुसऱ्यावर निरुपयोगी ठरतात. साल-हिरड्याचे चामडे, ज्याला बाजारात ‘व्हेज टॅन’ म्हणतात, ते ओले करून ठसा मारला की ठसा बसतो आणि राहतो. त्याची कड थोडे पाणी लावून लाकडाने घासली की गुळगुळीत, चमकदार होते. क्रोमचे चामडे मऊ आणि पाण्याला दाद न देणारे असते. त्यावरचा ठसा थोड्या वेळात पुसट होतो, कड कितीही घासली तरी तंतू उभेच राहतात, म्हणून तिला रंगाचा थर द्यावा लागतो किंवा ती आत दुमडावी लागते. संचातील निम्मी हत्यारे ठसे आणि कडा यांसाठी असतात आणि बाजारात सहज हाती लागणारे चामडे क्रोमचे असते. पेटी माळ्यावर का जाते, त्याचे उत्तर एवढ्यात आले. दोन्हींतला फरक घरी तपासता येतो. नखाएवढा तुकडा उकळत्या पाण्यात टाकावा. व्हेज टॅन आक्रसून कडक होते, नीट कमावलेले क्रोम जवळपास तसेच राहते. कारखान्यातही क्रोम पुरते मुरले की नाही हे पाहायला अशीच उकळण्याची चाचणी घेतात. चामडे की रेक्झिन हे ओळखायला काडी लावून जाळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो फारसा कामाचा नाही. चामड्यावरही प्लास्टिकचा मुलामा असू शकतो आणि तो जळताना प्लास्टिकचाच वास देतो. त्यापेक्षा कापलेली कड पाहावी. चामड्यात गुंतलेले तंतू दिसतात, रेक्झिनमध्ये कापडाचा अस्तर-थर आणि वर प्लास्टिकची पापडी.

जातीनंतर पाहायची ती जाडी आणि जागा. पाकिटाच्या बाहेरच्या भागाला साधारण 1 ते 1.2 मिमी, आतल्या कप्प्यांना 0.6 ते 0.8, खांद्यावरच्या पिशवीला 1.8 ते 2.5 आणि कमरेच्या पट्ट्याला 3 ते 4 मिमी चामडे लागते. पाकिटासाठी 2 मिमीचे चामडे आणले तर चार थरांची घडी खिशात मावत नाही आणि मग शिवण चांगली की वाईट हा प्रश्नच उरत नाही. एकाच कातडीत पाठीचा भाग घट्ट, पोटाचा भाग सैल व ताणणारा आणि मानेचा सुरकुतलेला असतो. पट्टा पाठीतूनच कापावा, पोटाकडचा कापला तर महिन्याभरात तो लांबतो. प्राण्यांप्रमाणेही फरक पडतो. म्हशीचे चामडे जाड, भरड दाण्याचे आणि टिकाऊ, शेळीचे पातळ असूनही चिवट, मेंढीचे मऊ पण लवकर फाटणारे. चामडे चौरस फुटावर विकले जाते, तळव्याचे जाड चामडे पुष्कळदा वजनावर. काही ठिकाणी माप चौरस डेसीमीटरमध्ये सांगतात, तेव्हा 1 चौरस फूट म्हणजे सुमारे 9.3 चौरस डेसीमीटर हा हिशेब ध्यानात असावा. कातडी आयताकृती नसते, तिच्यावर डाग, ओरखडे, गोचिडांच्या खुणा असतात. म्हणून आराखड्याच्या मापापेक्षा निदान पाव हिस्सा जास्त चामडे धरूनच खरेदी करावी.

आता हत्यारांकडे वळू. कोल्हापुरी चपलेच्या कारागिरापुढची हत्यारे मोजली तर हाताच्या बोटांच्या पलीकडे फारशी जात नाहीत. रापी (चामडे कापायचे हत्यार), आरी, टोचा, हातोडा, पंच, ठोकायला दगड किंवा ऐरण आणि रापीला धार लावायला निसणा. शिवायला दोऱ्याऐवजी चामड्याचीच वादी. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेली, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांची ही चप्पल एवढ्या सामग्रीवर उभी आहे. नवशिक्याची यादीही याच धर्तीवर करता येते. एक चांगली सुरी किंवा पाती बदलता येणारा कटर, पोलादी पट्टी, कंपास, 4 मिमी अंतराची टाक्यांची काटेरी छिन्नी, एक टोचा, बोथट टोकाच्या दोन सुया, लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा आणि खाली घ्यायला प्लास्टिकचा जाड पाट. पाकीट, कीचेन, चष्म्याचे घर, पट्टा हे सारे एवढ्यात होते. बाकीचे हत्यार तेव्हाच घ्यावे, जेव्हा त्याच्यावाचून एखादे काम खरोखर अडेल.

‘स्वस्तातली चार हत्यारे घेऊन महागडे चामडे बिघडवण्यापेक्षा चांगला संच बरा’ असा आक्षेप यावर येईल. त्यात अर्धे तथ्य आहे. बोथट सुरी चामडे कापत नाही, ओढते. मग रेघ सरकते आणि बोटही कापते. वाकड्या दातांची छिन्नी प्रत्येक टाका वाकडा करते. म्हणून सुरी आणि छिन्नी या दोन गोष्टींवर हात आखडू नये. पण हा आक्षेप धारेच्या बाजूने आहे, संख्येच्या नाही. महाग सुरीही आठवड्याभरात बोथट होते आणि तिला धार लावता येत नसेल तर ती स्वस्त सुरीच्याच पंगतीला बसते. न्हावी वस्तरा चामोटीवर फिरवायचा, तसा चामड्याचा पट्टा लाकडी फळीवर चिकटवून त्यावर पॉलिशची हिरवी वडी घासावी आणि दर थोड्या वेळाने सुरी त्यावर ओढावी. ही फळी उरलेल्या तुकड्यांतून जवळपास फुकट होते आणि संचातल्या वीस हत्यारांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पिढीजात कारागिराची मोजकी हत्यारे ही निवड नव्हे, परिस्थिती आहे. कातडी कमावणे ढोर समाजाकडे आणि शिवणे चर्मकारांकडे, अशी जातीने लादलेली वाटणी शतकानुशतके चालली. ज्यांच्याकडून चामडे घेतले त्यांनाच विटाळाने दूर ठेवले गेले. त्यांचे साधेपण आज छंदाचा आदर्श म्हणून मिरवणे शोभत नाही. शिवाय लहानपणापासून सरावलेला हात जे रापीने करतो, ते नवख्याला जमणार नाही. हे दोन्ही मुद्दे मान्यच करायला हवेत. म्हणूनच इथे कारागिराच्या गरिबीचे नव्हे, त्याच्या ज्ञानाचे अनुकरण सुचवले आहे. कुठले चामडे कुठे वापरायचे हे त्याला ठाऊक असते, म्हणून त्याला थोडी हत्यारे पुरतात. यंत्राने काम सोपे होत असेल तर ते कारागिरानेही घ्यावे आणि छंदिष्टानेही. 2 मिमीचे चामडे 1 मिमी करणे किंवा दुमडीसाठी कड पातळ करणे हे हाताने शिकायला वर्षे लागतात, पण चामड्याच्या बाजारात मजुरीवर यंत्राने ते करून देणारे असतात. नवख्याने तिथे पैसे द्यावेत. जे कौशल्य विकत मिळते ते मोबदला देऊन घेणे हाच त्या कामाचा मान आहे.

यावरूनच पुरवठादाराचा प्रश्न येतो. मुंबईत धारावीतून कातडी कमावण्याचे कारखाने बहुतेक हलले, पण चामड्याचा व्यापार आणि शिवणकाम तिथे राहिले. चामड्याच्या ताग्यांपासून बकल, चेन, अस्तर, दोरा, चिकटद्रव्यापर्यंत सगळे तिथल्या गल्ल्यांत मिळते. व्हेज टॅनसाठी कोल्हापूरचा परिसर आणि तमिळनाडूतील ‘ईस्ट इंडिया’ नावाने ओळखले जाणारे अर्धतयार चामडे हे दोन चांगले स्रोत आहेत. चेन्नईची पेरियामेट पेठ, आंबूर-राणीपेठचा पट्टा, कानपूरचा जाजमऊ आणि कोलकात्याचे बंतला ही देशातली मोठी केंद्रे. महाराष्ट्रात 2015 च्या कायद्याने गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या चामड्यावर इथल्या बाजाराचा भर असण्याचे हे एक कारण आहे. तेव्हा दुकानदार ‘काऊ’ म्हणून दाखवतो ते चामडे खरोखर कुठले, हे विचारायला संकोच नको. विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. कुठल्या प्राण्याचे, व्हेज की क्रोम, किती मिमी, दाणा मूळचा की वरून छापलेला, आणि मोजमाप मागे लिहिले आहे का. ‘जेन्युइन लेदर’ हा शब्द दर्जा सांगत नाही. आत कातडीचा खालचा, कमकुवत थर असून वर छापील दाणा असला तरी तो शिक्का बसू शकतो. चामड्याचा तुकडा घडी करून पाहावा. मूळ दाण्यावर बारीक, असमान सुरकुत्या पडतात, छापील मुलाम्यावर सारख्या रेघा किंवा तडे.

मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्याने काय करावे, असे कोणी विचारेल. ऑनलाइन खरेदी वाईट नाही, मात्र तीत हाताला चामडे लागत नाही, हा तिचा मूळ दोष आहे. तो कमी करता येतो. आधी नमुन्याचे तुकडे मागवावेत, जाडी आणि प्रकार लेखी घ्यावा, मगच पूर्ण ताग्याची मागणी करावी. त्याहून सोपा मार्ग म्हणजे उरलेल्या तुकड्यांचा. चपला, पट्टे आणि पिशव्या करणाऱ्या प्रत्येक कारखान्यात कापणीनंतरचे तुकडे वजनावर निघतात. पाकिटासाठी आणि सरावासाठी ते पुरेसे असतात. तालुक्याच्या गावातला चर्मकार बांधवही दोरा, सोल्युशन (चिकटद्रव्य) आणि चामडे कुठून आणतो हे सांगू शकतो. त्याची वाट बहुधा जवळची असते.

शेवटी तीन गोष्टी, ज्यांवर फार थोडे पैसे लागतात, पण दुर्लक्ष महागात पडते. दोरा मेण लावलेला, जाड पॉलिस्टरचा किंवा लिननचा घ्यावा आणि शिवणीच्या लांबीच्या चौपट कापावा. एका दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया लावून प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा न्यावा. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेला असतो, एक तुटला की शिवण उसवत जाते. हाताच्या या टाक्यात एक बाजू तुटली तरी दुसरी धरून राहते. सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावावे, बोटाला चिकटेनासे झाले की मगच दाबावे आणि हे काम उघड्या खिडकीपाशी करावे, कारण त्यातील वाफा अपायकारक असतात. तिसरी गोष्ट लोखंडाची. ओल्या व्हेज टॅनवर लोखंडी हत्यार ठेवले तर काळा डाग पडतो आणि तो सहसा जात नाही. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि लोह यांच्या संयोगाने रंगारी पिढ्यान्‌पिढ्या कापड काळे करत आले. तीच क्रिया इथे नको तेव्हा घडते. पावसाळ्यात बुरशीची भीती वेगळी. चामडे प्लास्टिकमध्ये न गुंडाळता कागदात किंवा सुती कापडात, हवा लागेल असे ठेवावे.

कामाला सुरुवात करणाऱ्याने म्हणूनच पहिल्या रविवारी हत्यारांची जाहिरात न चाळता चामड्याच्या दुकानाची पायरी चढावी, चार तागे हातात घेऊन वाकवून, वास घेऊन, कड पाहून यावे आणि फक्त एक लहान तुकडा विकत आणावा. कुठले हत्यार लागणार, हे तो तुकडाच सांगेल.