वनांचे भवितव्य आणि गणिती प्रतिरूप

गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा व त्याच्या आसपासची गावे ही धानाची गावे होत. धानाच्या बांध्यांना बोडी व मामा तलाव यांचा आधार असतो. जिल्ह्यातील अनेक तलावांचे पाणलोट वनांत आहे. मोहफुले, तेंदूपाने, सरपण व चराई यांसाठीही शेतकरी वनावर विसंबून असतो. यास्तव बदलत्या हवामानात वनाचे काय होईल, हा प्रश्न जितका वनखात्याचा, तितकाच शेतकऱ्याचाही आहे.

धानाचे नवे वाण चांगले की वाईट, हे एका हंगामात कळते. सागाचे तसे नाही. आज लावलेले सागाचे रोप इमारती लाकूड देण्याजोगे होण्यास अनेक दशके लागतात, आणि तोवर हवामान आजचे राहणार नाही. निर्णय मात्र आजच घ्यावा लागतो. या अडचणीतून शास्त्रज्ञांनी गणिती प्रतिरूपाचा मार्ग काढला.

प्रतिरूप म्हणजे काय?

प्रतिरूप म्हणजे संगणकात हिशेबाने वाढविलेले वन. बॉटकिन, जनक व वॉलिस या शास्त्रज्ञांनी १९७२ साली अमेरिकेतील हबर्ड ब्रूक येथील वनासाठी असे एक प्रतिरूप प्रसिद्ध केले. त्यात १० मीटर लांब व १० मीटर रुंद तुकड्यातील प्रत्येक झाडाचा वार्षिक हिशेब ठेवला जाई. ऊन, उष्णता व ओल किती मिळाली, त्यानुसार झाड किती वाढले, कोणते मेले आणि मोकळ्या जागी कोणते नवे रुजले, हे त्यात मांडले जाई.

पुढे १९९० नंतरच्या दशकात संपूर्ण प्रदेशाची प्रतिरूपे तयार झाली. त्यांत नकाशाचे लहान चौकोन पाडतात. बी एका चौकोनातून दुसऱ्यात जाते, वणवा पसरतो, तोड होते, या गोष्टीही त्यांत जमेस धरतात.

भारतातील निष्कर्ष

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या रवींद्रनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली देशातील वनांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. या शतकाच्या अखेरीस वनव्याप्त चौकोनांपैकी ६८ ते ७७ टक्के चौकोनांत वनाचा प्रकार बदलण्याचा संभव त्यात दिसला. कमी आकडा धूरवायूंच्या कमी उत्सर्जनाचा व मोठा आकडा अधिक उत्सर्जनाचा आहे. सागाविषयीच्या २०११ च्या अभ्यासात सागाच्या सुमारे ३० टक्के चौकोनांत पुढील हवामान सागाला पूर्णपणे मानवणार नाही, असे आढळले. मात्र हवेतील कर्बवायू वाढल्याने एकंदर वाढ अधिक होईल, असेही त्याच अभ्यासात दिसले.

याचा अर्थ झाडे एकाएकी मरतील असा नव्हे. तेथील हवामान निराळ्या वनास अधिक अनुकूल होईल, एवढाच त्याचा अर्थ आहे. शिवाय देशव्यापी अभ्यासातील एका चौकोनात अनेक गावे मावतात. त्यात गावची बोडी, गुरांची वाट किंवा मोहाखाली लावलेली आग दिसत नाही.

गावच्या वनास ही रीत कशी लागू पडते?

समजा, दवनीवाड्याच्या परिसरातील साग, ऐन, मोह व तेंदू यांच्या मिश्र वनाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी एकच वन चार प्रकारे वाढवून पाहावे : आजचे हवामान व आजची निगा, उष्ण हवामान व आजची निगा, उष्ण हवामान व वणव्यापासून संरक्षण, उष्ण हवामान व केवळ सागाचे रोपवन. चारही हिशेब शेजारी ठेवले म्हणजे हवामानामुळे काय बदलते व निगेमुळे काय बदलते, हे वेगळे करता येते. प्रतिरूपाचा खरा उपयोग भविष्य वर्तविण्यात नसून अशा तुलनेत आहे.

उन्हाळी वणव्यात लहान रोपे जळतात. जाड सालीची मोठी झाडे बहुधा वाचतात. वर्षानुवर्षे असे घडत राहिले, तर म्हाताऱ्या मोहाची जागा घेण्यास तरुण मोह उरत नाही. त्यात उष्णतेची भर पडल्यास हानी वाढते. हवामान गावाच्या हाती नाही. वणवा पुष्कळ अंशी आहे.

मर्यादा आणि कर्तव्य

प्रतिरूपाचे उत्तर त्यास पुरविलेल्या माहितीइतकेच खरे असते. ती माहिती गावातूनच मिळू शकते. यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. वनाच्या ठरावीक तुकड्यांतील झाडे व रोपे जातवार मोजून दरवर्षी नोंद ठेवावी.

२. पाऊस, तलावाची पातळी, मोहाचा बहर व वणव्याची जागा तारखेसह लिहावी.

३. मोहफुले वेचण्यासाठी पाला जाळू नये. झाडाखालील जागा झाडून घ्यावी. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा स्वच्छ कराव्यात.

४. नवीन लागवडीत एकाच जातीवर भर न देता स्थानिक जाती मिसळाव्यात आणि कोवळ्या रोपवनात चराई बंद ठेवावी.

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना वनाच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. जेथे असा हक्क आहे तेथे या नोंदी ग्रामसभेच्या आराखड्यास जोडाव्यात. अन्यत्र वनरक्षकाच्या साहाय्याने ठेवाव्यात. अशा १० वर्षांच्या नोंदी हाती असल्या, तर आपल्या वनाविषयीचा निर्णय गावाला अंदाजाने नव्हे, हिशेबाने घेता येईल.