चकाचक... पण चाळीस मायक्रॉनपुरतं!

गाडीवरचा ओरखडा घालवायचा म्हणजे त्यावर काहीतरी लावायचं, असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटायचं. खरा फंडा उलटा आहे. लावायचं नसतं, काढायचं असतं. आणि कुठे थांबायचं हे कळायला माझा एक अख्खा वीकेंड गेला.

आधी कन्फेशन. बाबांनी गाडी माझ्या हवाली केली आणि बरोब्बर एकविसाव्या दिवशी मी ती सोसायटीच्या बेसमेंटमधल्या खांबाला घासली. फोनवर बोलत नव्हते, घाईतही नव्हते. रिव्हर्स घेताना खांब आरशात दिसत होता, तो इतका जवळ आहे हे मात्र दिसलं नाही. 'खर्रर्र' असा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा आला.

गाडी काळी. २०१४ साली बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले तेव्हा घेतलेली, त्यांच्या आयुष्यातली पहिली नवीकोरी गाडी. साताऱ्याच्या घरासमोर दर रविवारी सकाळी ते ती स्वतः पुसायचे. मग डोळ्यांचा त्रास सुरू झाला, रात्रीचं ड्रायव्हिंग बंद झालं, आणि एक दिवस त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "पुण्यात तुला लागेल." एवढंच. आता गणपतीला ते माझ्याकडे यायचे होते. हातात दहा दिवस, आणि मागच्या डाव्या दारावर खांबाचा पांढरा चुना आणि तीन लांब रेघा.

एका चकाचक वर्कशॉपमध्ये दाखवलं. टाय लावलेल्या मुलाने दाराकडे दोन सेकंद पाहिलं आणि सांगितलं, "मॅडम, फुल डोअर पेंट." शिवाय शेड जुळावी म्हणून शेजारच्या पॅनलवरही थोडा रंग मारावा लागेल म्हणाला. आकडा ऐकून मी फक्त "कळवते" म्हटलं. ऑफिसमधल्या एकाने भवानी पेठेतल्या एका गॅरेजचा पत्ता दिला. पत्र्याची शेड, बाहेर 'डेंटिंग-पेंटिंग'चा बोर्ड, आत साठीचे मेस्त्री.

मेस्त्रींनी आधी दार ओल्या फडक्याने पुसलं. खांबाचा चुना निम्मा तिथेच निघाला, कारण तो माझ्या गाडीचा ओरखडा नव्हताच, खांबाचा रंग होता! मग तिन्ही रेघांवर पाणी शिंपडलं. दोन रेघा ओल्या झाल्यावर दिसेनाशा झाल्या, तिसरी तशीच राहिली. त्या तिसरीवरून त्यांनी नख आडवं फिरवलं. नख अडकलं.

"ताई, दोन जातील. तिसरी नाही जाणार."

"पॉलिश करूनसुद्धा?"

"पॉलिशने काय होतं, ते माहितीये का तुम्हाला?"

नव्हतं माहिती. तुम्हालाही नसेल, म्हणून इथे थोडं सायन्स.

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यावर आधी गंज न लागू देणारा थर असतो, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून निघालेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट असतो ४०-५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची चमक असते ती याच थराची. उन्हापासून रंगाला वाचवतो तोही हाच.

ओरखडा म्हणजे या थरात पडलेली चर. तिच्या कडांवर उजेड विखुरतो, म्हणून ती पांढुरकी दिसते. पाण्याने चर भरली की उजेड सरळ जातो आणि रेघ गायब होते. मेस्त्रींची पाण्याची टेस्ट ती हीच. आता ही चर कायमची घालवायची तर? चर बुजवायची नसते. शेतात एक खड्डा आहे आणि तो दिसू नये म्हणून आजूबाजूचं अख्खं शेत खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायचं, तसला हा प्रकार. खड्डा जितका खोल, तितकी माती जास्त जाणार. आणि आपल्याकडे माती आहे फक्त चाळीस मायक्रॉन.

"दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी करून दिलं असतं," मेस्त्री म्हणाले, "पण तुम्ही लिहिणाऱ्या आहात ना? मग हातानेच करा. शनिवारी या."

शनिवारी त्यांनी मला माझ्या गाडीला हात लावू दिला नाही. कुठल्याशा भंगार गाडीचं बॉनेट समोर टाकलं. नाना पेठेतून आणलेले पॉलिश पेपर बादलीत भिजत होते. हे काळे पेपर पाण्यातच वापरायचे. नंबर जितका मोठा, तितका कण बारीक. सुरुवात २००० नंबरने, नंतर ३०००. पाण्यात दोन थेंब कार शॅम्पू, म्हणजे पेपर अडकत नाही. पेपर बोटांनी नुसता धरायचा नाही, कारण बोटांचा दाब बोटांखालीच पडतो आणि तिथे खाचा तयार होतात. रबरी ठोकळ्याला गुंडाळायचा आणि हलक्या हाताने सरळ रेषेत चालवायचा. गोल गोल अजिबात नाही.

का, तर हिशोब राहतो. २००० नंबर आडवा चालवायचा, ३००० तिरका. आडव्या रेघांपैकी एकही शिल्लक दिसली नाही, की समजायचं ३००० नंबरचं काम झालं. दर मिनिटाला छोट्या रबरी वायपरने पाणी ओढून बघायचं. ओलं असताना सगळंच सुंदर दिसतं, खरं काय ते कोरडं झाल्यावर कळतं. (हे वाक्य मेस्त्रींनी गाडीबद्दलच म्हटलं होतं.)

मला पंधरा मिनिटांत कॉन्फिडन्स आला, आणि तिथेच घात झाला. बॉनेटच्या मधली उभी घडी असते ना, तिच्यावरून मी त्याच जोरात ठोकळा फिरवला. आतापर्यंत दुधासारखं पांढरं येणारं पाणी एकदम निळं झालं. बॉनेट निळं होतं.

"झालं," मेस्त्री शांतपणे म्हणाले. "क्लिअर संपला."

कडेवर आणि घडीवर रंगाचा थर मुळातच पातळ बसतो, आणि ठोकळ्याचा सगळा दाबही नेमका तिथेच येतो. पाणी पांढरं तोवर तुम्ही क्लिअर कोटमध्ये. पाण्याला गाडीचा रंग आला, की परतीचा रस्ता नाही. मग ते पॅनल रंगवायचंच. (जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या साध्या रंगाच्या गाड्यांवर मात्र पाण्याला पहिल्यापासून रंग येतो. तिथे हा इशारा मिळत नाही.) मी त्या निळ्या पाण्याकडे बघत होते आणि डोळ्यांसमोर काळं दार येत होतं.

चहाच्या ब्रेकमध्ये विषय निघाला जुन्या दिवसांचा. आपल्याकडे पेंटर मंडळी अजून 'ड्युको पेंट' म्हणतात, लाकडी कपाटालासुद्धा. ते मूळ ब्रँडचं नाव. ड्यूपॉन्ट कंपनीने जनरल मोटर्ससोबत १९२३ साली आणलेला लॅकर. त्याआधी गाडीवर ब्रशने वार्निशचे थर चढत आणि ते वाळायला काही आठवडे लागत. ड्युको झटपट वाळायचा, पण वाळल्यावर पुरेसा चमकायचा नाही. घासून, रबिंग कंपाउंड लावूनच त्याला चमक आणावी लागे. म्हणजे घासून चमक आणणं हा दुरुस्तीचा नव्हे, रंगकामाचाच भाग होता. मेस्त्रींच्या उस्तादांनी त्यांना पहिली दोन वर्षं फक्त पाणी-पेपर करायला लावलं. स्प्रे गन हातात दिली ती तिसऱ्या वर्षी. आपण दोन महिन्यांत 'सीनियर एक्झिक्युटिव्ह' होतो, त्याची तेव्हा जरा लाज वाटली.

रविवारी दाराची पाळी. कडा आणि हँडलभोवती मास्किंग टेप. दोन रेघांपुरता वीतभर भाग. श्वास रोखून घासत होते. पाणी पांढरं, पांढरं, पांढरंच. ३००० नंबर झाल्यावर दारावर राखाडी, आंधळा पॅच. बाबांच्या गाडीचं मी हे काय करून ठेवलं, असं वाटण्याचा हाच तो क्षण. मग मेस्त्रींनी मशीन दिलं. फोमच्या पॅडवर कंपाउंडचे चार थेंब, दोन फूट बाय दोन फुटांपेक्षा मोठा भाग घ्यायचा नाही, मशीन एका जागी थांबवायचं नाही. थांबलं की घर्षणाने रंग तापतो. तिसऱ्या फेरीला राखाडी धुक्यातून आधी शेडचा पत्रा दिसला, मग ट्यूबलाइट, मग माझं घामेजलेलं तोंड. त्यानंतर मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टॉर्च मारला. पॉलिशमधलं तेल बारीक रेघा झाकतं, ते उतरवल्याशिवाय खरा निकाल कळत नाही. कित्येक 'इन्स्टंट शाइन' दोन धुण्यांत उतरतात, त्याचं गुपित हेच.

दोन रेघा नव्हत्या. तिसरीत मेस्त्रींनी बारीक ब्रशने काळा टच-अप भरला. आता ती जवळ गेल्यावरच दिसत होती.

दार असं काही चमकत होतं की बाकी गाडी मळकट वाटायला लागली. टॉर्च बॉनेटवर मारला तर उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल नक्षी. याला स्वर्ल मार्क्स म्हणतात. खरं तर त्या हजारो बारीक रेघा सगळ्या दिशांनी पडलेल्या असतात, पण उजेडाभोवती आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून वर्तुळं दिसतात.

"हे कशाने?"

"कोरडा फडका," मेस्त्री म्हणाले. "धूळ म्हणजे बारीक वाळू. धुळीवर फडका फिरवला म्हणजे पॉलिश पेपरच फिरवला की."

डिकीत बाबांच्या जुन्या बनियनचा फडका नीट घडी करून ठेवला होता. इतक्या वर्षांचे रविवार त्या बॉनेटवर उमटले होते.

"सगळंच घासून काढू या," मी म्हटलं. त्यांनी रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर आणलं. दारावर आकडा ११८, बॉनेटवर ९२. हे मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, त्यातला क्लिअर किती उरलाय ते नाही. पण मला आठवलं, जवळपास दर सर्व्हिसिंगला फुकट मिळतं म्हणून बाबा मशीन पॉलिश करून घ्यायचे. मेस्त्रींनी पेपर बादलीत परत टाकला.

"इथे पेपर नाही. बारीक पॉलिशचा एक हात मारू, निम्मं जाईल. उरलेलं राहू द्या. आजच सगळं काढलं, तर पुढच्या वेळी काढायला काय ठेवणार?"

बाबा गणपतीच्या आदल्या संध्याकाळी आले. पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि थेट मागच्या डाव्या दारापाशी थांबले. हात फिरवला.

"इथे काय झालं होतं गं?"

"तुम्हाला कसं कळलं?" डोळ्यांचा त्रास असलेला माणूस!

"हे एकच दार नवं आहे."

मी सगळं सांगितलं. खांब, मेस्त्री, निळं पाणी. फडक्याचं मात्र सांगवेना. पण मग वाटलं, नाही सांगितलं तर उद्या सकाळी तो फडका पुन्हा बाहेर निघणार. सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प. मग त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. "किती मायक्रॉन म्हणालीस?"

पुढच्या रविवारी सहा वाजता हाक आली. खाली दोन बादल्या भरून तयार होत्या, एक शॅम्पूची, एक साध्या पाण्याची. बनियनचा फडका चाकं पुसायला लागला होता. तिसऱ्या रेघेवर बाबांनी बोट ठेवलं.

"ही राहू दे. पार्किंग करताना तुझ्या लक्षात राहील."

करायचंच असेल, तर...

- नख अडकतं तो ओरखडा घासून काढायच्या फंदात पडू नका. टच-अप करा किंवा पेंटरला दाखवा.
- आधी सगळ्यात सौम्य उपाय. बारीक पॉलिशने जात असेल तर पेपर नको.
- पहिला प्रयोग भंगार पॅनलवर. स्वतःच्या गाडीवर तर कधीच नाही!
- उन्हात, तापलेल्या पत्र्यावर काम नको. सावली आणि गार पत्रा हवा.
- प्लास्टिकच्या बंपरवर साधं जाडी-मीटर चालत नाही. तिथे दुप्पट सांभाळून.
- वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग ओरखडे घालवत नाही. आधी रंग नीट करा, मग कोटिंग.
- सोसायटीत एकाच बादलीत वीस गाड्या पुसल्या जात असतील, तर आपली गाडी त्यातून वगळा. दोन बादल्या आणि मायक्रोफायबरचं कापड यात निम्मी लढाई जिंकलीत.