गुरुत्वाकर्षणाच्या पर्यायी उपपत्ती (९) : वीज गेल्यावरचे चाक

गेल्या खेपेस कालुझाच्या पाचव्या मितीचे आश्वासन दिले होते. परंतु आमच्या भिवंडीतल्याच एका यंत्रमागधारक वाचकाचे पत्र आले आणि ते प्रकरण आठवडाभर तहकूब करणे मला भाग पडले. वीज गेली तरी मागाचे जड चाक तत्काळ न थांबता आणखी काही फेरे घेते, ही खोड त्याच्या अंगी येते कोठून, असे ते विचारतात. पाठ्यपुस्तक ‘जडत्वामुळे’ म्हणून मोकळे होते. पण हे नुसते नामकरण झाले, खुलासा नव्हे.

न्यूटनने येथे निरपेक्ष अवकाशाला जामीन उभे केले. माखने १८८३ च्या आपल्या ग्रंथात तो जामीन नामंजूर केला. विश्वात दुसरी वस्तूच नसती तर चाक फिरते की स्थिर आहे या बोलण्यालाच अर्थ उरला नसता, तेव्हा जडत्वाचे मूळ दूरस्थ ताऱ्यांतच शोधले पाहिजे, असा त्याचा आग्रह. आइन्स्टाइनला हा विचार मोहक वाटला, तथापि त्याच्या समीकरणांत तो पुरता उतरला नाही.

तो उतरविण्याचा सर्वांत धाडसी यत्न, माझ्या मते, कोल्हापुरात जन्मलेल्या आणि बनारसला वाढलेल्या जयंत नारळीकरांनी आपले गुरू फ्रेड हॉयल यांच्यासह केला; जून १९६४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे तो मांडला गेला तेव्हा नारळीकर अवघे पंचवीस वर्षांचे होते. व्हीलर आणि फाइनमन यांनी विद्युत्‌भारांमध्ये क्षेत्र न मानता भाराची भारावर थेट क्रिया कल्पिली होती, आणि उर्वरित विश्वाचा प्रतिसाद धरल्यावाचून त्यांचा हिशेब जुळत नसे. तीच रीत या गुरुशिष्यांनी वस्तुमानाला लावली: कणाचे वस्तुमान हे त्याचे खाजगी वतन नसून विश्वातील इतर सर्व कणांनी, भूतकाळातून तसेच भविष्यातूनही, दिलेल्या अंशांची बेरीज होय. दूरचे अर्धे विश्व पुसले गेले, तर बाकी सारे तसेच धरल्यास, आमच्या वाचकांचे चाक लवकर थांबेल!

कणांची संख्या अफाट धरली की या उपपत्तीतून आइन्स्टाइनचीच समीकरणे निघतात. आइन्स्टाइनला गुरुत्वाचे चिन्ह न्यूटनशी ताडून ठरवावे लागे; येथे ते आकर्षणच असावे हे गणितातूनच निष्पन्न होते, आणि त्या एका गोष्टीवर मी आजही लुब्ध आहे.

त्याच सभेत केंब्रिजचे एक तरुण संशोधक, स्टीफन हॉकिंग, हरकत घेण्यास उठले. प्रसरण पावणाऱ्या विश्वात भविष्याकडून येणाऱ्या अंशांची बेरीज अनंत होते, हा त्यांचा आक्षेप १९६५ मध्ये छापूनही आला. आक्षेप खराच वजनदार होता. नारळीकरांनी मात्र माखची कास सोडली नाही, आणि १९९३ मध्ये हॉयल व बर्बिज यांच्यासह त्यांनी जे स्थिरवत् विश्व मांडले त्याचा पायाही हाच होता. त्या विश्वाने अनंत बेरजेतून वाट कशी काढली, हे मात्र चार ओळींत उरकण्यासारखे नाही. म्हणून पाचवी मिती आणखी एक आठवडा थांबेल.