अस्वल व्हावं की उंदीर?

२०२३ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स : ऑनर अमंग थीव्ज’ या चित्रपटात डोरिक नावाची तरुण ड्रुइड, म्हणजे प्राण्यांची रूपं घेऊ शकणारी निसर्गपूजक मांत्रिक, किल्ल्यातून निसटते, तो प्रसंग प्रेक्षकाला श्वास घ्यायची उसंत देत नाही. माशी होऊन ती आत शिरलेली असते. सुगावा लागताच ती उंदीर होते, मग ससाणा, मग मांजर, मग हरीण. कॅमेरा तिच्यामागे सलग धावत राहतो. पुढे हीच डोरिक आऊलबेअर, म्हणजे अर्धं घुबड आणि अर्धं अस्वल असलेलं धूड होऊन शत्रूंना लोळवते. ज्या खेळावरून हा चित्रपट निघाला, त्याच्या तेव्हाच्या नियमांत मात्र यातलं बरंचसं बसत नाही. ड्रुइडला दोनदा रूप बदललं की विश्रांती घ्यावी लागे. आणि आऊलबेअरची गणती साध्या प्राण्यांत होत नसल्यामुळे ते रूप तिच्या वाट्याला येतच नाही.

चित्रपटात हे खपून जातं, कारण तिथे डोरिकचा पराक्रम सगळे मिळून बघत असतात. टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच जणांची गोष्ट निराळी. तिथे प्रत्येकाला काहीतरी करून दाखवायचं असतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला आणि टेबलटॉप रोलप्लेइंग गेम हा प्रकार रूढ झाला. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र चालवतो. डंजन मास्टर, थोडक्यात डीएम, भोवतालचं जग, त्यातली माणसं आणि संकटं उभी करतो. पात्राने काय करायचं हे खेळाडू सांगतो. ते जमलं की फसलं, याचा निवाडा फासे करतात. खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत, त्यामुळे इथे कोणी कोणाला हरवत नाही. मग एक पात्र दुसऱ्यापेक्षा बलवान निघालं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते संध्याकाळच्या वाटपात. योद्ध्याने तलवार चालवायची, चोराने कुलपं उघडायची, जादूगाराने मंत्र टाकायचे, अशी कामं वाटलेली असतात. या प्रत्येकाच्या वेळेला बाकीचे कौतुकाने बघतात, कारण आपलीही पाळी येणार हे त्यांना ठाऊक असतं.

रूप बदलणारं पात्र नेमकी हीच वाटणी विस्कटू शकतं. त्याच्याकडे दोन देणग्या असतात. एक ताकदीची : अस्वल झालं की पंजे, दात, जाड कातडी. दुसरी बहुगुणीपणाची : फटीतून शिरायला उंदीर, भिंत चढायला कोळी, माग काढायला लांडगा. सुंदरकांडातला हनुमान लंकेत शिरताना देह आक्रसून घेतो आणि वेळ येताच पर्वताएवढा वाढतो, हे लहानपणापासून ऐकलेल्यांना या दुसऱ्या देणगीची गोडी वेगळी सांगायला नको. या पात्राचा खरा आनंद तिच्यातच आहे. खेळाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात नियम अडखळले ते बहुतेकदा पहिली देणगी फार स्वस्तात मिळाली तेव्हा.

ड्रुइड हे पात्र खेळाडूंच्या हाती आलं १९७६च्या ‘एल्ड्रिच विझर्डरी’ या पुरवणीत. १९७८च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये त्याचा नियम चांगलाच आवळलेला होता. सातव्या लेव्हलला, म्हणजे अनुभवाच्या सातव्या पायरीला, पोहोचल्यावर ड्रुइडला दिवसातून तीन रूपं मिळत : एक सरपटणारा प्राणी, एक पक्षी आणि एक सस्तन प्राणी, प्रत्येकी एकदाच. रूप घेताना झालेल्या जखमांपैकी १० ते ६० टक्के भरून येत. नेमक्या किती, ते फासा सांगे. सकाळी घार झालात तर दुपारी गरुड होता येणार नाही, एवढ्या एका अटीमुळे खेळाडू प्रत्येक रूप जपून वापरत असे.

पुढे तिसऱ्या आवृत्तीत, विशेषतः २००३च्या सुधारित नियमांत, तोल सुटला. रूप बदललं की शरीराची ताकद, चपळाई आणि काटकपणा प्राण्याचा; बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्व स्वतःचं. वाचायला हे तर्कशुद्ध वाटतं. पण अस्वलाची ताकद आयती मिळणार असेल, तर पात्र तयार करताना स्वतःच्या ताकदीवर गुण खर्च करायचेच कशाला? हुशार खेळाडू शरीराने लेचापेचा, मनाने तल्लख असा ड्रुइड उभा करू लागले. त्यात ‘नॅचरल स्पेल’ नावाचं कौशल्य घेतलं की प्राण्याच्या रूपातही मंत्र टाकता येत. सोबतीला पाळलेलं जनावर होतंच. एकच खेळाडू अस्वल होऊन झुंजतोय, मंत्र टाकतोय आणि त्याचा लांडगाही लढतोय. शेजारचा योद्धा आपली एक तलवार घेऊन पाळीची वाट बघतोय. त्या आवृत्तीतल्या सगळ्यात वरचढ पात्रांत ड्रुइडचं नाव आजही घेतलं जातं.

यावर २००९ मध्ये दोन निरनिराळी उत्तरं आली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीने रूप बदलायची पूर्ण मोकळीक दिली आणि त्या बदलातला जीवच काढून घेतला. लांडगा व्हा की रानडुक्कर, आकडे तेच. मूळ क्षमतेत प्राण्याचा आकारही स्वतःएवढाच असल्यामुळे उंदराएवढं लहान होणं नाही. हिशेब चोख जुळला, पण फटीतून शिरायचा आनंद गेला. त्याच वर्षी पायझो कंपनीने आणलेल्या ‘पाथफाइंडर’ने मधला मार्ग धरला : प्राण्याची ताकद आयती न देता स्वतःच्या ताकदीत भर घालायची. माणसाएवढ्या आकाराचा प्राणी झालात तर ताकदीत दोनची वाढ, मोठा झालात तर चारची वाढ आणि चपळाईत दोनची घट. मुळात मरतुकड्या ड्रुइडचं अस्वलही मरतुकडंच निघणार.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीचा हिशेब जरा जवळून बघण्यासारखा आहे. इथे प्राण्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार झेलायची क्षमता, ड्रुइडच्या स्वतःच्या हिट पॉइंटवर चिलखतासारखे चढतात. प्राणी शून्यावर आला की ड्रुइड मूळ रूपात परततो, स्वतःचे हिट पॉइंट शाबूत ठेवून; शेवटच्या फटक्यातला उरलेला मार तेवढा त्याला लागतो. साध्या ड्रुइडला दुसऱ्या लेव्हलवर फार तर लांडगा होता येतं, ११ हिट पॉइंटचा. पण ‘सर्कल ऑफ द मून’ या शाखेचा ड्रुइड त्याच लेव्हलला थेट तपकिरी अस्वल होतो. त्याचे हिट पॉइंट ३४. विश्रांतीआधी दोनदा, म्हणजे ६८. ड्रुइडचे स्वतःचे साधारण १७ धरले तर बेरीज ८५. त्याच लेव्हलचा धडधाकट योद्धा २० हिट पॉइंटांवर उभा असतो. तो एका पाळीत तलवारीचा एक वार करतो, तर अस्वल एक चावा आणि एक पंजा असे दोन. तासाभराची विश्रांती झाली की दोन्ही अस्वलं पुन्हा तयार.

पाचव्या लेव्हलला योद्ध्याला दुसरा वार मिळतो आणि चित्र थोडं बदलतं; अस्वल तिथेच असतं, बाकीचे पुढे सरकलेले असतात. दहाव्या लेव्हलला अग्नी किंवा पृथ्वी अशा महाभूतांची रूपं मिळाली की पारडं पुन्हा ड्रुइडकडे झुकतं. विसाव्या लेव्हलला रूप बदलण्यावरची मर्यादाच उठते. दर पाळीला नवं शरीर चढवणाऱ्या अशा ड्रुइडला मारायचं कसं, या प्रश्नाने डीएम हैराण होतात.

आता त्याच नियमांतला उंदीर बघा. हिट पॉइंट फक्त एक. हात नाहीत, बोलता येत नाही, मंत्र टाकता येत नाहीत. दुसऱ्या लेव्हलवर हे रूप जास्तीत जास्त तासभर टिकतं. पहारेकऱ्याने नुसती सुरी फेकली आणि ती लागली, तरी सरदाराच्या दालनात, पहाऱ्याच्या मधोमध, अचानक एक माणूस उभा राहतो. पण तोवर तो उंदीर दाराखालून आत गेलेला असतो, पलंगाखाली बसून दोघांचं बोलणं ऐकत असतो, आणि टेबलाभोवतीचे सगळे मान पुढे काढून डीएमचा शब्द न् शब्द टिपत असतात. लढाईतल्या ३४ हिट पॉइंटांनी टेबल एवढं शांत होत नाही. ताकदीच्या दृष्टीने उंदीर जवळपास फुकट आहे. त्याची किंमत जोखमीत चुकवावी लागते.

अर्थात बहुगुणीपणालाही कुंपण लागतं. पाचव्या आवृत्तीने उडणारी रूपं आठव्या लेव्हलपर्यंत आणि पोहणारी चौथ्यापर्यंत राखून ठेवली, ती याचसाठी. दरी, तट, नदी, तुरुंगाची उंच खिडकी, अशा अडचणींवर सुरुवातीच्या लेव्हलचं निम्मं साहस उभं असतं. पहिल्याच दिवशी कावळा होता आलं तर ते सगळं एका वाक्यात संपेल. ड्रुइडने आधी पाहिलेलाच प्राणी होता येतो, ही अटही कामाची. वाळवंटात वाढलेला ड्रुइड शार्क होणार नाही. उलट, जंगलात नवा प्राणी दिसला की खेळाडूला बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं.

नव्या आवृत्तीची तयारी चालू असताना, २०२३च्या सुरुवातीला, प्रकाशकांनी खेळाडूंपुढे चाचणीसाठी एक मसुदा ठेवला. त्यात वेगवेगळे प्राणी बाजूला सारून जमीन, पाणी आणि आकाश असे तीनच साचे दिले होते. हिशेब सोपा, पानं उलटण्याचा त्रास कमी. खेळाडूंना ते अजिबात रुचलं नाही. त्यांना कोळ्याचं जाळं हवं होतं, लांडग्याचं नाक हवं होतं. २०२४च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये खरे प्राणी परत आले, मात्र त्यांचे हिट पॉइंट आले नाहीत. ड्रुइड आता स्वतःचेच हिट पॉइंट ठेवतो आणि वर लेव्हलइतके तात्पुरते मिळवतो. मून शाखेला तिप्पट. तिसऱ्या लेव्हलला ही भर नऊची, पूर्वीसारखी ३४ची नव्हे. रूपंही अमर्याद राहिली नाहीत. सुरुवातीला चार निवडायची, मोठ्या विश्रांतीनंतर त्यातलं एक बदलायचं. ताकद कापली, तऱ्हा राखल्या; आजवरच्या उत्तरांत हे सर्वांत समंजस वाटतं.

आकड्यांपलीकडचे मार्गही आहेत. १९९२च्या ‘वेअरवुल्फ : द अपॉकॅलिप्स’ या वेगळ्या खेळात मानव-लांडग्यांना पाच रूपं आहेत. त्यांपैकी क्रायनोस हे युद्धरूप भयंकर ताकदीचं, आणि ते घ्यायला फारशी आडकाठीही नाही. पण ते पाहणारी सामान्य माणसं भीतीने सैरभैर होतात, आणि आपलं अस्तित्व झाकून ठेवणं हा तर या जमातीचा कायदा. भर बाजारात क्रायनोस झालेला खेळाडू लढाई जिंकतो आणि पुढचं सगळं गमावून बसतो. कीथ बेकर यांच्या ‘एबेरॉन’ या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’साठीच्या २००४च्या काल्पनिक जगातले चेंजलिंग याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहेत. ते चेहरा आणि आवाज हुबेहूब बदलतात, ताकद मात्र कणभरही वाढत नाही. पाचव्या आवृत्तीत तर कपडेही बदलत नाहीत. पहारेकऱ्याचा चेहरा घेतला तरी त्याचा गणवेश कुठूनतरी पैदा करावाच लागतो. त्या गणवेशाच्या शोधातच अख्खी संध्याकाळ रंगू शकते.

नव्याने खेळायला बसणाऱ्या गटाने यातून घेण्यासारखं बरंच आहे. ड्रुइड चालवणाऱ्याने आपल्या चार-पाच रूपांची कार्डं घरूनच करून आणावीत, म्हणजे त्याच्या पाळीला बाकीचे ताटकळत नाहीत. डीएमने साहसात एखादी अरुंद फट, एखादी उंच कपार मुद्दाम ठेवावी आणि उडण्याने सहज सुटणारी कोडी मोजकीच ठेवावीत. आणि टेहळणीला निघण्याआधी चोराच्या खेळाडूला विचारावं, कारण ते काम मुळात त्याचं. उंदीर दाराखालून जाऊन आत किती माणसं आहेत आणि किल्ली कोणाच्या कमरेला आहे ते बघून येईल. ती किल्ली अलगद काढायला मात्र बोटं लागतात, आणि ती चोराकडे आहेत. असं ठरलं की दोघांनाही काम मिळतं, आणि दाराबाहेर कुऱ्हाड सरसावून उभा असलेला योद्धा बेत फसेल तेव्हा लागणारच असतो.