तीन टिंबांची दिग्दर्शिका

पश्चिम अफगाणिस्तानातील हेरात हे नगर फार्सी काव्य व लघुचित्रकला यांसाठी शतकानुशतके विख्यात आहे. १९९५ साली ते तालिबानच्या हाती गेले. मुलींच्या शाळा बंद झाल्या. चित्रपट पाहणे हाही अपराध ठरला. या नगरात वाढणाऱ्या रोया सादात यांनी त्याच काळात पटकथा लिहिली. जेथे पडदाच उरला नव्हता, तेथे पडद्यासाठी लिहिण्याचा हा उद्योग होता.

२००१ मध्ये ती राजवट कोसळली. हेरात विद्यापीठात कायदा व राज्यशास्त्र शिकत असतानाच रोया यांनी त्या पटकथेवर कथापट तयार केला आणि २००३ मध्ये बहीण अलका हिच्यासह ‘रोया फिल्म हाउस’ ही निर्मितिसंस्था स्थापन केली. कथापटाचे नाव ‘से नुक्ता’, म्हणजे ‘तीन टिंबे’. अपुऱ्या वाक्याशेवटी आपणही हीच टिंबे देतो. बळजबरीने लग्नात अडकवलेली आणि अफूच्या चोरट्या वाहतुकीसाठी इराणच्या सीमेपलीकडे धाडली जाणारी एक एकाकी माता ही त्याची नायिका. तिच्या कहाणीला याहून नेमके नाव क्वचितच सापडले असते. तालिबानच्या पाडावानंतर अफगाण स्त्रीने दिग्दर्शित केलेला हा पहिला कथापट मानला जातो.

पुढे दूरदर्शन मालिका झाल्या, २०१३ मध्ये हेरातला स्त्रियांचा चित्रपट महोत्सवही भरला. रोया यांची खरी कसोटी मात्र ‘राष्ट्राध्यक्षांना पत्र’ (२०१७) या चित्रपटाने पाहिली. त्यासाठी त्यांनी व त्यांचे पती, पटकथाकार अझीझ दिलदार यांनी राहते घर विकले. नायिका सुरैया ही सरकारी अधिकारी. गावच्या प्रमुखांच्या शिक्षेपासून ती एका स्त्रीला वाचवते. पुढे पतीच्या मृत्यूबद्दल तिलाच फाशीची शिक्षा होते आणि तुरुंगातून ती राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिते. कायद्याची रक्षकच कायद्यापुढे असहाय ठरते, हे दाखवताना कायद्याच्या पदवीधर दिग्दर्शिकेचा हात कोठेही सैल पडत नाही. ऑस्करसाठी अफगाणिस्तानने त्या वर्षी हाच चित्रपट पाठवला.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले. २०२३ मध्ये रोया यांनी अमेरिकेतील सिॲटल येथे खालिद होसैनी यांच्या कादंबरीवरील संगीतिका दिग्दर्शित केली. तिची एक नायिका हेरातचीच आहे. २०२४ च्या अनुबोधपटात त्यांनी दोहा येथे तालिबानशी वाटाघाटींना बसलेल्या चार अफगाण स्त्रियांची हकीकत मांडली.