कोच मोठा की टीम? लोबेरांवरून पेटलेला वाद आणि तुमची पहिली पाच माणसं

टीम बांधणीच्या व्हिडिओत मी फुटबॉल कोच सर्जिओ लोबेरा यांचं उदाहरण दिलं आणि आपल्या दोन बॅचेसमध्ये जुंपली. सातारकर म्हणाले, "सर, कमाल कोचची." सांगलीकर म्हणाले, "त्याची ठरलेली तीन माणसं काढून घ्या, मग बघू कोच काय करतो ते." व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. फुटबॉल कळत नसेल तरी वाचा, कारण हा वाद शेवटी तुमच्या पगारपत्रकावर येऊन थांबतो.

लोबेरा स्पेनचे. २०१७ मध्ये एफसी गोवाकडे आले. त्यांची पद्धत अशी की चेंडू लांब भिरकावायचा नाही, गोलकीपरपासूनच छोट्या छोट्या पासने वर न्यायचा. बघायला झकास, पण धोक्याचं काम! मागे एक पास चुकला की समोरचा थेट आपल्या गोलसमोर. म्हणजे मोक्याच्या जागी डोकं शांत ठेवणारी माणसं हवीतच. मधल्या फळीत मोरोक्कोचा अहमद जाहू, बचावात सेनेगलचा मुर्तदा फॉल, पुढे ह्युगो बुमूस. आणि गोव्याचाच मंदार राव देसाई. हा मुळात विंगर, लोबेरांनी त्याला लेफ्ट बॅक केलं. हे मला फार आवडतं. माणूस तोच, फक्त जागा बदलली.

२०१९-२० मध्ये गोव्याने लीगच्या १८ सामन्यांत ४६ गोल केले आणि पहिला नंबर काढला. गंमत म्हणजे तीन सामने बाकी असतानाच क्लबने लोबेरांना काढून टाकलं होतं! सूत्रं हाती घेतली क्लिफर्ड मिरांडाने आणि टीमने तिन्ही सामने जिंकले, १४ गोल करून. सातारकरांनो, इथे तुमची बाजू जरा लंगडी पडते. पद्धत टीममध्ये मुरली होती.

पुढे २०२०-२१ मध्ये लोबेरा मुंबई सिटीत गेले. आदल्या हंगामात ही टीम पाचवी होती. जाहू, फॉल, बुमूस, मंदार असे चौघे त्यांच्या मागोमाग आले आणि मुंबईने लीग शील्ड आणि करंडक दोन्ही उचलले. सांगलीकर खूश! पण थांबा. सेमीफायनलला समोर होता तोच गोवा, चौघे गमावलेला. तरीही दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि निकाल लागला पेनल्टीवर, ६-५.

माझं मत सांगतो. पद्धत आणि ती चालवणारी दोन-तीन माणसं हा एकच माल आहे, सुटा मिळत नाही. बाकीचे आठ-नऊ जण शिकवता येतात.

आता हे तुमच्या धंद्यात बघा. साताऱ्यात कंदी पेढ्याचं दुकान टाकायचं असेल तर तुमचा जाहू म्हणजे खवा आटवणारा कारागीर. काउंटरवरचा पोरगा महिन्याभरात तयार होतो, हा होत नाही. सांगलीत हळद पावडरचं युनिट टाकताय? तिथे मोक्याचा माणूस मशीनवर नसतो. मार्केट यार्डात सौद्याला उभा राहून, हळकुंड मोडून माल ओळखणारा, तो तुमचा माणूस. पगार जास्त द्यायचा तर तिथे द्या.

पण मुंबई सिटीमागे पैसा कुणाचा होता? मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या गटाने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे ६५ टक्के हिस्सा घेतला होता. बुमूसचा गोव्याशी असलेला करार त्यांनी पैसे भरून सोडवला. तुमच्या-माझ्याकडे तेवढी ऐपत नाही. समजा कारागिराला महिना ३० हजार ठरले, तर सहा महिन्यांचे १ लाख ८० हजार बाजूला काढल्याशिवाय त्याला शब्द देऊ नका. आणि तो तुमच्या जुन्या मालकाकडचा असेल तर आधी मालकाशी बोला. उचल बाकी असेल तर ती फेडून मगच माणूस आणा. उद्या त्याच बाजारपेठेत तोंड दाखवायचंय.

पैसा कमी असेल तर दुसरा रस्ता आहे, गोव्याच्याच आर्मांडो कोलासो यांचा. धेम्पोचे ते वर्षानुवर्षं कोच होते. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा अशी गोव्याची पोरं हाताशी धरली, परदेशी मोजकेच, त्यात गोल करणारा रँटी मार्टिन्स. २००४-०५ ते २०११-१२ या काळात राष्ट्रीय लीगची पाच विजेतेपदं! वर वाचलेला क्लिफर्ड तो हाच. इथे पैसा कमी लागतो, पण वर्षं लागतात. दोन-तीन वर्षं नफ्याची घाई नसेल तरच या वाटेला जा.

आणि लोबेरांचं पुढे काय झालं? २०२३ मध्ये ते ओडिशाला गेले. जाहू आणि फॉल पुन्हा त्यांच्याकडे. टीम चौथी आली, सेमीफायनलला हरली, करंडक नाही. जाहू तोपर्यंत पस्तिशीत पोचला होता. म्हणून कारागीर ठेवलात की पहिल्याच महिन्यापासून त्याच्या कढईशेजारी एक विशीतला पोरगा उभा करा. त्याचा पगार वेगळा धरा, आणि कारागिराला ही गोष्ट कामावर घ्यायच्या आधीच सांगा.